न दिसणाऱ्या शर्यतीचे प्रेक्षक

धनंजयाच्या ‘दशरूपका’त रंगभूमीवर प्रत्यक्ष दाखवू नयेत अशा गोष्टींची एक यादी आहे. वध, युद्ध, राज्यातील उलथापालथ वगैरे बाबी तीत आहेत, आणि त्यांच्याबरोबरच दूरचा प्रवासही आहे. या गोष्टी दाखवायच्या नाहीत, तर प्रवेशक, विष्कंभक यांसारख्या मधल्या योजनांद्वारे सुचवायच्या, असा दंडक आहे. वर्गात हा भाग शिकवताना आपण सर्वसाधारणपणे औचित्याचा मुद्दा पुढे करतो. वध आणि युद्ध यांच्याबाबतीत तो पटतोही. पण दूरच्या प्रवासात अनुचित असे काय आहे? माझ्या मते प्रवास या यादीत आला तो निव्वळ अशक्यतेमुळे. रंगपीठ काही हातांचे आणि वाट शेकडो योजनांची. प्रेक्षकाने जागेवर बसून ती वाट पाहायची कशी? म्हणून मग कोणीतरी येते आणि झालेले सांगते. प्रेक्षक त्या अंशापुरता श्रोता होतो, आणि गंमत म्हणजे आपण ‘पाहिले’ असेच समजून घरी जातो.

या प्रश्नाचा विचार करण्यासाठी मला नाट्यशास्त्राबाहेरचे एक उदाहरण फार उपयुक्त वाटते. ते म्हणजे अलास्कातील कुत्र्यांच्या स्लेजगाड्यांच्या लांब पल्ल्याच्या शर्यती. शतकाहून अधिक काळ या शर्यतींना प्रेक्षक लाभले आहेत. ते गर्दी करतात, पैजा लावतात, रात्री-बेरात्री उठून बर्फात उभे राहतात, डोळे पुसतात. परंतु आरंभीची आणि शेवटची काही मिनिटे सोडली, तर शर्यत म्हणून जे काही असते त्यातले त्यांना काहीही दिसत नाही. आपल्याकडच्या बैलगाडा शर्यतीत घाटावर उभ्या असलेल्या माणसाला सगळी धाव काही सेकंदांत डोळ्यांसमोर आरपार दिसते. कोणता बैल कुठे कचरला हे तो संध्याकाळपर्यंत सांगू शकतो. अलास्कातील ‘इडिटारॉड’ या शर्यतीची वाट मात्र सुमारे हजार मैलांची आहे. अँकरेज परिसरातून निघालेले गाडीवान पर्वतरांग ओलांडून, युकॉन नदीच्या गोठलेल्या पात्रावरून, बेरिंग समुद्राच्या किनाऱ्याने नोम या गावी पोहोचतात. या गाडीवानांना तिकडे ‘मशर’ म्हणतात. अलीकडच्या काळात विजेत्यालाही साधारण आठ ते दहा दिवस लागतात, आणि या वाटेच्या बहुतांश भागात मोटार जाईल असा रस्ताच नाही. अशा शर्यतीचा प्रेक्षक नेमके काय पाहतो? त्याला ती कोण सांगते? आणि जे सांगितले गेले नाही त्याचे पुढे काय होते? या लेखात मला या अंगानेच तिचा इतिहास पाहायचा आहे.

आरंभ नोममध्ये करावा लागतो. १८९८ मध्ये तेथे सोने सापडले आणि बेरिंग समुद्राच्या उघड्या किनाऱ्यावर बघता बघता एक गाव उभे राहिले. हिवाळ्यात समुद्र गोठला की जहाजे बंद, आणि पुढचे कित्येक महिने बाहेरच्या जगाशी संबंध उरे तो कुत्र्यांच्या गाड्यांवरून येणाऱ्या टपालाचा आणि तारेचा. या कंटाळवाण्या आणि पैसा खुळखुळणाऱ्या गावात १९०७ मध्ये ‘नोम केनेल क्लब’ स्थापन झाला. अल्बर्ट फिंक नावाचे वकील त्याचे पहिले अध्यक्ष होते. १९०८ मध्ये क्लबने ‘ऑल अलास्का स्वीपस्टेक्स’ ही शर्यत सुरू केली. नोमपासून कँडल या खाणवस्तीपर्यंत जायचे आणि परत नोमला यायचे, एकूण ४०८ मैल.

ही वाट का निवडली गेली, हे कळले म्हणजे सगळा प्रकार उलगडतो. नोम आणि कँडल यांच्या दरम्यान दूरध्वनीची तार होती आणि शर्यतीचा मार्ग बराचसा त्या तारेला धरून जात असे. म्हणजे शर्यत आधी आणि तिची बातमी नंतर, असा क्रम येथे नव्हता. बातमी ज्या वाटेने येऊ शकत होती त्याच वाटेने कुत्री धावली. वाटेवरच्या मुक्कामांवरून दूरध्वनी येई, कोणती गाडी किती वाजता आली, किती कुत्री ताजीतवानी दिसतात, कोणाला गाडीत घालून आणले आहे. नोममधील मद्यालयांत आकडे फळ्यावर चढत आणि त्यांबरोबर पैजांचे भाव वरखाली होत. गावकऱ्यांचे तीन-चार दिवस असे फळ्याकडे पाहण्यात जात. शर्यतीची एक ‘राणी’ निवडली जाई, रंगीत फिती बांधल्या जात, ज्याच्या त्याच्या तोंडी आवडत्या कुत्र्याचे नाव असे. परंतु डोळ्यांना दिसे तो फळाच. धृतराष्ट्राला संजय मिळाला तसा नोमला दूरध्वनी मिळाला, असे म्हणायचा मोह होतो. फरक एवढाच की धृतराष्ट्राने पैज लावली नव्हती. किंवा, द्यूतपर्व आठवले तर, लावली होती असेही म्हणता येईल!

या शर्यतीचा एक नियम मला विशेष बोलका वाटतो. निघताना गाडीला जितकी कुत्री जुंपलेली असतील तितकी सगळी परत आणलीच पाहिजेत, जिवंत वा मृत. वाटेत नवा, ताजा कुत्रा घ्यायचा नाही आणि थकलेला मागे टाकायचा नाही. म्हणून सुरुवातीलाच प्रत्येक कुत्र्याची नोंद होई. हा नियम कुत्र्यांवरच्या दयेतून आला की पैजेत लबाडी होऊ नये या सावधगिरीतून? दोन्ही कारणे असावीत, पण पारडे दुसऱ्याकडे झुकते असे मला वाटते. मात्र त्याचा परिणाम दयेच्या बाजूने झाला, हेही खरे. थकून पडलेला कुत्रा गाडीत घालून ओढत आणायचा म्हणजे शर्यत हरण्याचीच तयारी, म्हणून कुत्रा थकू न देणारा गाडीवान जिंकू लागला. स्कॉटी अ‍ॅलन हा त्यांतला अग्रणी. १९०९, १९११ आणि १९१२ अशा तीन वेळा तो जिंकला. १९१० साली जॉन जॉन्सन या ‘आयर्न मॅन’ म्हणून गाजलेल्या गाडीवानाने सायबेरियातून आणलेल्या, चणीने लहान कुत्र्यांच्या जोरावर ७४ तास १४ मिनिटे ३७ सेकंदांत ही वाट पुरी केली. १९१७ मध्ये शर्यत बंद पडेपर्यंत तो विक्रम कोणाला मोडता आला नाही. शेवटच्या तीन वर्षी, १९१५ ते १९१७, नॉर्वेहून आलेला लिओनहार्ड सेप्पाला लागोपाठ विजयी झाला. त्याचे नाव पुढे पुन्हा येईल.

साहित्याच्या अभ्यासकांसाठी आणखी एक नोंद. अ‍ॅलनच्या कुत्र्यांत भागीदारी असलेल्या एस्थर बर्डसॉल डार्लिंग या बाईंनी ‘बाल्डी ऑफ नोम’ हे पुस्तक लिहिले. बाल्डी हा अ‍ॅलनच्या गाडीचा आघाडीचा कुत्रा. म्हणजे मालक, प्रेक्षक आणि निवेदक या तिन्ही भूमिका एकाच व्यक्तीकडे आल्या. जी वाट त्यांनी नोममध्ये राहून ऐकली, तीच त्यांनी वाचकांना कुत्र्याच्या बाजूने दाखवली. फळ्यावर कुत्र्याचे मन लिहिता येत नाही, ते कादंबरीत येते. जॅक लंडनचे ‘द कॉल ऑफ द वाइल्ड’ १९०३ सालीच आलेले होते, तेव्हा वाचकही तयार होता.

सोने आटले, महायुद्ध आले, माणसे गेली, शर्यत थांबली. त्यानंतर आठ वर्षांनी नोमकडे साऱ्या अमेरिकेचे लक्ष लागले, आणि तेही पुन्हा कुत्र्यांमुळेच.

जानेवारी १९२५ मध्ये नोममध्ये घटसर्पाची लागण झाली. डॉक्टर कर्टिस वेल्च यांनी तारेने मदत मागितली. प्रतिविषाचा साठा रेल्वेने नेनानापर्यंत आला, पण तेथून नोम ६७४ मैलांवर होते आणि तेव्हाची विमाने त्या थंडीत उडवणे धोक्याचे होते. म्हणून वीस मशर आणि सुमारे दीडशे कुत्री यांनी हातोहात ते औषध पुढे नेले. २७ जानेवारीच्या रात्री नेनानाहून निघालेली पेटी २ फेब्रुवारीच्या पहाटे साडेपाचला नोममध्ये पोहोचली, अवघ्या साडेसत्तावीस आणि शंभर, म्हणजे १२७½ तासांत. ही शर्यत नव्हती, पण वृत्तपत्रांनी तिला शर्यतीचेच रूप दिले. प्रतिस्पर्धी होता मृत्यू. न्यूयॉर्कपासूनचे वाचक रोजच्या अंकात गाडी कोठवर आली ते शोधू लागले; नभोवाणीही नुकतीच आली होती. नोमचा फळा आता खंडभर पसरला, असे म्हणता येईल.

आणि येथेच निवेदनाने काय गाळले याचा हिशेब मांडता येतो. शेवटच्या टप्प्याचा गाडीवान होता गुन्नार कासेन आणि त्याच्या गाडीच्या आघाडीला होता बाल्टो. खरे तर अखेरचा टप्पा कासेनचा नव्हताच. नोमच्या अलीकडे सेफ्टी नावाचा मुक्काम आहे. तेथे एड रोन हा मशर औषध पुढे नेण्यासाठी थांबला होता. वादळामुळे गाडी एवढ्यात येणार नाही असे समजून तो झोपला होता. कासेन आला, त्याने अंधार पाहिला आणि न थांबता पुढे निघून गेला. त्याने सांगितलेले कारण सर्वांना पटले नाही, तो वाद पुढे चालू राहिला. पण परिणाम असा झाला की गावात जो शिरला तोच साऱ्या प्रवासाचा नायक ठरला. त्याच वर्षीच्या डिसेंबरात न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये एफ. जी. रॉथ यांनी घडवलेला बाल्टोचा पुतळा बसला आणि अनावरणाला बाल्टो स्वतः हजर होता.

सेप्पालाने आणि त्याच्या टोगो या आघाडीच्या कुत्र्याने मात्र सगळ्यांत लांबचा आणि सगळ्यांत घातक टप्पा पार केला होता. औषध घेऊन ९१ मैल. आणि त्याआधी ते गाठण्यासाठी नोमहून उलट दिशेने केलेला प्रवास वेगळाच. नॉर्टन साउंडचा गोठलेला समुद्र त्यांनी दोनदा ओलांडला. टोगो तेव्हा बारा वर्षांचा, म्हणजे कुत्र्याच्या मानाने म्हाताराच होता. बाल्टोही सेप्पालाच्याच कुत्र्यांपैकी, परंतु त्याच्या लेखी दुय्यम दर्जाचा. टोगोचे श्रेय बाल्टोच्या नावावर गेले याचे शल्य सेप्पालाला अखेरपर्यंत राहिले. टोगोकडे लोकांचे लक्ष जायला बराच काळ जावा लागला. २००१ मध्ये न्यूयॉर्कच्या सीवर्ड पार्कमध्ये त्याचा पुतळा बसला, तर २०१९ मध्ये त्याच्यावर चित्रपट आला.

परंतु बाल्टो की टोगो, हा वाद मला आता पुरेसा वाटत नाही. तो दोन नॉर्वेजियन गाडीवानांमधला वाद आहे. वीस मशरांपैकी बहुसंख्य अलास्काचे मूळ रहिवासी होते, अथाबास्कन आणि इन्युपियाक समाजांतले. चार्ली इव्हान्सचे आघाडीचे दोन कुत्रे थंडीने वाटेतच कोसळले आणि तो स्वतः पुढे होऊन गाडी ओढत मुक्कामाला पोहोचला. टॉमी पॅट्सी, मायल्स गोनांगनान, व्हिक्टर अनागिक, हॅरी पिटका, एडगर आणि जॉर्ज हे नोलनर बंधू ही नावे तेव्हाच्या वाचकाच्या मनात ठसली नाहीत, कारण त्यांनी ज्या ठिकाणी पेटी हातात घेतली आणि ज्या ठिकाणी पुढच्याला दिली, तेथे कोणी बातमीदार नव्हता. त्यांचे टप्पे मधले होते. एडगर नोलनर १९९९ पर्यंत जगले. मेलेल्यांची संख्याही अशीच. अधिकृत आकडा हाताच्या बोटांवर मोजण्याइतका. मूळ रहिवाशांच्या वस्त्यांतून किती गेले याची मोजदाद नीट झाली नाही. निवेदक जेथे उभा असतो तेथूनच गोष्ट दिसते, ही आपल्या अभ्यासातील जुनीच बाब आहे. पण येथे ती कथनमीमांसेच्या पुस्तकातून उतरून थेट माणसांच्या नावांवर येते.

प्रेक्षकांच्या प्रेमाचे पुढे काय झाले, तेही पाहण्यासारखे आहे. पुतळा उभारल्यानंतर दोन वर्षांच्या आतच बाल्टो आणि त्याचे सहा सोबती लॉस एंजेलिसमधील एका हलक्या दर्जाच्या प्रदर्शनात जाऊन पडले होते. दहा सेंट दिले की ते पाहायला मिळत. जॉर्ज किंबल या क्लीव्हलँडच्या व्यापाऱ्याने त्यांची दुर्दशा पाहिली, क्लीव्हलँडच्या लोकांनी आणि शाळकरी मुलांनी वर्गणी काढली आणि मार्च १९२७ मध्ये ती कुत्री त्या शहराच्या प्राणिसंग्रहालयात आली. बाल्टो १९३३ मध्ये मेला. त्याचे पेंढा भरलेले शरीर क्लीव्हलँडच्या निसर्गेतिहास संग्रहालयात आहे. म्हणजे तेथेही पाहणे चालूच आहे.

आज ज्या शर्यतीला जग ओळखते ती इडिटारॉड या औषधवाहतुकीच्या स्मरणार्थ सुरू झाली, असा समज सर्वत्र आहे. तो अर्धवटच खरा आहे. तिच्यामागचे निकडीचे कारण वेगळे होते. १९६० नंतरच्या दशकात अलास्काच्या खेड्यांत स्नोमोबाईल आली आणि अंगणातली कुत्री वेगाने नाहीशी होऊ लागली. टपाल आधीच विमानाने जाऊ लागले होते. कुत्र्यांच्या गाडीने टपाल नेण्याचा शेवटचा नियमित मार्ग १९६३ मध्ये बंद झाला. जो रेडिंग्टन या मशरला ही गोष्ट डाचत होती. डोरोथी पेज यांच्या साहाय्याने १९६७ मध्ये जुन्या इडिटारॉड वाटेच्या एका तुकड्यावर छोटी शर्यत झाली, आणि १९७३ मध्ये अँकरेज ते नोम ही पूर्ण शर्यत. ३४ गाड्या निघाल्या, २२ पोहोचल्या. डिक विल्मार्थ जिंकला तो वीस दिवसांहून थोड्या अधिक काळाने; शेवटचा जॉन शुल्ट्झ बत्तिसाव्या दिवसानंतर आला. शर्यतीचे अधिकृत अंतर १,०४९ मैल सांगितले जाई. त्यातले ४९ हे अलास्का अमेरिकेचे एकोणपन्नासावे राज्य म्हणून जोडलेले. मैलांचा आकडासुद्धा कथनाच्या सोयीने ठरवता येतो, याचे इतके सुबक उदाहरण क्वचितच सापडेल.

खेड्यांतील कुत्री वाचावीत म्हणून सुरू केलेल्या या शर्यतीत प्रेक्षकांचे दोन वर्ग पडले, आणि ते आजही आहेत. पहिला वर्ग अँकरेजचा. तेथील आरंभ हा अनेक वर्षे केवळ समारंभ आहे. त्या दिवसाचा वेळ शर्यतीत धरला जात नाही, खरी सुरुवात नंतर दुसरीकडून होते. शहरातील रस्त्यांवरचे बर्फ हिवाळाभर काढून टाकलेले असते, ते या दिवसासाठी ट्रकने आणून पुन्हा पसरतात. २०१६ मध्ये बर्फच कमी पडले, तेव्हा ते फेअरबँक्सहून रेल्वेने आणले गेले आणि समारंभाची वाट तीन मैलांवर आणली. लिलावात बोली लावणाऱ्याला या दिवशी गाडीत बसूनही जाता येते. नाटकाच्या भाषेत सांगायचे तर ही नांदी आहे, आणि नांदीला गर्दी नेहमीच जास्त असते.

दुसरा वर्ग वाटेवरच्या खेड्यांचा. निकोलाय, रूबी, उनालक्लीट, शॅक्टूलिक, कोयुक ही त्यांतली काही नावे. येथील माणूस शर्यतीचा तोच भाग पाहतो जो इतर कोणाला दिसत नाही. मध्यरात्री आलेली गाडी, गवतावर मुटकुळे करून झोपलेली कुत्री, चारही पायांचे मोजे काढून पंजे तपासणारा पशुवैद्य, उभ्या उभ्या झोपणारा मशर. त्यांच्या पाहण्यात जाणकारी आहे, कारण या कुत्र्यांवर त्यांच्या वाडवडिलांचे जगणे चालले होते. रूबीचा एमिट पीटर्स १९७५ मध्ये जिंकला आणि त्याने आधीचा वेळ सुमारे सहा दिवसांनी कमी केला. २०११ मध्ये कोत्झेब्यूचा जॉन बेकर जिंकला. तो पहिला इन्युपियाक विजेता. नोमच्या रस्त्यावर त्याचे स्वागत इन्युपियाक ढोलांनी झाले. १९२५ च्या पहाटे ज्यांची नावे गावात पोहोचली नाहीत त्यांच्या भाषेचे हे ढोल होते, एवढे लक्षात ठेवले तरी पुष्कळ झाले.

शेवटाचे टोक प्रेक्षकाला दिसते, पण दिसले म्हणून कळतेच असे नाही. १९७८ मध्ये डिक मॅकी आणि रिक स्वेन्सन चौदा दिवसांच्या प्रवासानंतर नोमच्या फ्रंट स्ट्रीटवर एकमेकांना चिकटून धावत आले. मॅकीची आघाडीची कुत्री रेषा आधी ओलांडून गेली. स्वतः मॅकी मात्र थकून कोसळला आणि स्वेन्सन त्याच्याआधी रेषेपलीकडे होता. सगळे गाव डोळ्यांनी पाहत होते, तरी कोण जिंकले हे सांगता येईना. अखेर पहिल्या कुत्र्याचे नाक जेथे पोहोचते तेथे गाडी पोहोचली असे मानून पंचांनी एका सेकंदाच्या फरकाने मॅकीला विजयी ठरवले. मला हा निर्णय न्याय्य वाटतो. धावली होती ती कुत्री.

२००८ पासून मशरांच्या गाड्यांवर उपग्रहाद्वारे ठावठिकाणा कळवणारे यंत्र बसवण्यास सुरुवात झाली. आता कोणीही घरबसल्या नकाशावर पुढे सरकणारे ठिपके पाहू शकतो. नोमचा फळा, वृत्तपत्र आणि हा नकाशा ही एकाच वंशातली तीन माध्यमे होत. पण या तिसऱ्या माध्यमाने संजय-धृतराष्ट्राची मांडणीच उलटी केली. २०१४ मध्ये घडलेला प्रसंग पाहा. नोमजवळ भयंकर वारा सुटला होता. सर्वांत पुढे असलेला जेफ किंग सेफ्टीच्या पुढे वाऱ्याने वाटेबाहेर फेकला गेला आणि त्याने शर्यत सोडली. त्याच्यामागची अ‍ॅली झर्कल सेफ्टीच्या मुक्कामावर वादळ ओसरण्याची वाट पाहत थांबली. तिसरा डॅलस सीव्ही सेफ्टीला आला आणि जवळजवळ न थांबता पुढे गेला. पुढचे दोघे केव्हाच पोहोचले, आपण तिसऱ्या क्रमांकासाठी धावतो आहोत आणि पाठीमागचा दिवा आपल्या वडिलांचा, मिच सीव्हींचा आहे, अशी त्याची समजूत होती. तो दिवा झर्कलचा होता. पहाटे चारच्या सुमारास तो नोममध्ये आला तेव्हा तो जिंकला आहे हे जमलेल्या सगळ्या लोकांना ठाऊक होते. त्याला एकट्याला नव्हते. फरक दोन मिनिटे बावीस सेकंदांचा. प्रेक्षकाला ठाऊक आणि पात्राला अज्ञात, ही नाट्यगत उपरोधाची व्याख्या आपण शिकवतो; तिच्यासाठी यापुढे ग्रीक शोकांतिकेपर्यंत जाण्याची गरज नाही. आणि ठिकाणही तेच सेफ्टी, जेथे १९२५ मध्ये झोपलेल्या रोनला मागे टाकून कासेन निघून गेला होता.

तथापि ठिपक्याला मर्यादा आहे, आणि ती २०१९ मध्ये स्पष्ट दिसली. निकोलस पेटी कित्येक तासांच्या आघाडीवर होता. शॅक्टूलिक आणि कोयुक यांच्या दरम्यान त्याचा ठिपका थांबला. पाहणाऱ्यांना वाटले असेल, यंत्र बिघडले, वादळ आले, मशर झोपला. झाले होते ते असे की एका कुत्र्याने दुसऱ्यावर दांडगाई केली म्हणून पेटी त्याच्यावर ओरडला होता, आणि त्यानंतर सगळ्याच कुत्र्यांनी पुढे जायचे नाकारले. ती बसून राहिली. इतर गाड्या पुढे निघून गेल्या आणि पेटीने शर्यत सोडली. त्या वर्षी पीट कायझर जिंकला. नकाशाला एवढेच सांगता आले की गाडी हलत नाही. कुत्र्यांना काय वाटले, हे सांगणारे यंत्र अजून आलेले नाही.

या शर्यतींवर होणाऱ्या आक्षेपाचे मूळ मला येथेच दिसते. प्राणिहक्कवादी संघटनांचे म्हणणे असे की कुत्र्यांवर होणारे क्रौर्य प्रेक्षकांना न दिसणाऱ्या ठिकाणी घडते. मशरांचे उत्तर असे की कुत्र्यांचा धावण्यातला आनंदही तेथेच असतो आणि तोही तुम्ही पाहिलेला नाही. दोघांचाही युक्तिवाद न दिसणाऱ्या वाटेवर उभा आहे. काही गोष्टी मात्र नोंदलेल्या आहेत. २०२४ च्या शर्यतीत तीन कुत्री मेली. वेल्स फार्गो, अलास्का एअरलाइन्स आणि एक्सॉनमोबिल या कंपन्यांनी २०१७ ते २०२१ या काळात एकामागून एक आपला आश्रय काढून घेतला. २०१९ मध्ये गाडीला सोळाऐवजी चौदाच कुत्री जुंपण्याचा नियम आला होता. थकलेला किंवा दुखावलेला कुत्रा मुक्कामावर पशुवैद्यांच्या हवाली करून विमानाने परत पाठवता येतो. स्वीपस्टेक्सच्या ‘जिवंत वा मृत’ या नियमापेक्षा ही सोय निश्चितच माणुसकीची आहे. पण तिच्यामुळे एक गोष्ट झाली. नोमला पोहोचणारी गाडी ही निघालेली गाडी नसते. टाळ्या वाजतात त्या उरलेल्या कुत्र्यांसाठी, आणि गळालेली कोणती, कोठे, कशामुळे, हे टाळ्या वाजवणाऱ्याला शोधून वाचावे लागते. १९०८ च्या नोमकराला मात्र निघालेली सगळी कुत्री परत आलेली दिसत, काही पायांवर आणि काही गाडीत. त्याने पैसे लावलेले होते, त्याची नियत फारशी शुद्ध नव्हती, हे मान्य करूनही मला वाटते की एका बाबतीत त्याचे पाहणे आपल्यापेक्षा पूर्ण होते.

नोममध्ये शर्यत सुरू होताच शेवटच्या कमानीपाशी एक कंदील लावतात. पूर्वी वाटेवरच्या मुक्कामांत असा दिवा ठेवत; कोणीतरी अजून वाटेत आहे, याची ती खूण. शेवटची गाडी येईपर्यंत तो विझवत नाहीत. गाडी गावाजवळ आली की भोंगा वाजतो. पहिल्यासाठी वाजतो तसाच तो शेवटच्यासाठीही वाजतो, तेव्हा पहाटेचे तीन का वाजलेले असेनात. अंथरुणातून उठून काही माणसे फ्रंट स्ट्रीटवर येतात आणि पूर्वेकडच्या अंधारात दिवा दिसतो का, ते पाहत उभी राहतात.